एका नाण्याची कपात

खात्याच्या मागणीवर कपात सूचना द्यायची, तीही एकाच नाण्याची. म्हणजे सरकार जेवढा पैसा मागतंय त्यातून फक्त एक नाणं कापा, असं सभागृहाला म्हणायचं. त्या निमित्तानं आपल्या भागाचं रडगाणं गायचं, मंत्र्यांनी तोंडाला पानं पुसायची, मग अध्यक्षांनी विचारायचं, "सूचना मागे घेता ना?" आणि आपण म्हणायचं, "घेते." सगळेच घेतात. कारण ते नाणं खरोखर कापलं गेलं तर सरकारवर विश्वास उरला नाही असा अर्थ होतो, आणि सरकार पडतं. सत्ताधारी पक्षाच्या आमदारानं तर निमूटपणे घ्यायचीच असते. मी सत्ताधारी पक्षाची. आणि ऊर्जा व पर्यावरण ही दोन्ही खाती ज्यांच्याकडे आहेत, ते मंत्री माझे सख्खे धाकटे दीर.

आता दुखणं काय ते सांगते. आमच्या वस्तीच्या डोक्यावर वीज केंद्राच्या राखेचं तळं आहे. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून पाइपानं तिथं सोडतात, आणि ती सगळी एका मातीच्या बांधानं अडवून धरलेली आहे. तो बांध पाझरतो. आमच्या परसात भर उन्हाळ्यात करडा चिखल असतो. बांध नव्यानं बांधायची रक्कम यंदाच्या अर्थसंकल्पाच्या मसुद्यात होती. छापील विधेयक हातात आलं तेव्हा ती पर्यावरणाच्या पानावरून उडून ऊर्जेच्या पानावर नव्या बॉयलरच्या नावानं जाऊन बसली होती. एकाच माणसाचे दोन खिसे, डाव्यातलं उजव्यात गेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऊर्जेच्या मागणीवर मी एका नाण्याची कपात सूचना दिली.

चर्चेच्या दिवशी सकाळी घराबाहेर पडले तर गल्लीत ट्रक उभा. भाऊजींचा ड्रायव्हर सासूबाईंचं लोखंडी कपाट दोरीनं आवळत होता.

"हे कुठं निघालं?"

"बंगल्यावर, ताई. पावसाळा लागायच्या आत आईंना हलवा म्हणाले साहेब."

सासूबाई पायरीवर फुरंगटून बसल्या होत्या. "मला म्हणे, आज माझं भाषण ऐकायला गॅलरीत ये, आणि तिथूनच याच ट्रकनं बंगल्यावर चल. कशाला विचारलं तर म्हणे हवापालट. कपाटासकट हवापालट ऐकलाय का कधी?"

मी नाही ऐकला. पण मला सगळं कळलं. बांध किती तग धरणार हे भाऊजींना पुरतं ठाऊक होतं. आपली आई तेवढी उचलायची, बाकीच्या वस्तीला मात्र भाषण ऐकवायचं. एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. आमचे हे दारात उभे होते, एकीकडे भाऊ नि एकीकडे बायको अशा पेचात. "जपून," एवढंच म्हणाले. कोणाला म्हणाले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात भाऊजींनी मला गाठलं. सोबत पक्षाचे प्रतोद. प्रतोद म्हणजे मतदानाच्या वेळी आमदारांना हाकून एका गोठ्यात आणणारा माणूस.

"वहिनी, सूचना मागे घेताय ना?"

"बांधाचे पैसे परत ठेवताय ना?"

"पुढच्या वर्षी बघू."

"आईंना मात्र याच वर्षी हलवताय."

भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. "घरातलं घरात ठेवा, वहिनी. तिची तब्येत..."

"ठणठणीत आहे. सकाळी तुमच्या ड्रायव्हरला झापत होत्या, गल्लीच्या टोकाला ऐकू येत होतं."

प्रतोद हसले. "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. पक्षाचा आदेश मोडलात तर सदस्यत्व जाईल. उगाच पायावर धोंडा पाडून घेऊ नका."

"आम्ही पाण्यात नाही राहत साहेब, राखेखाली राहतो," म्हणाले आणि आत गेले. भीती होतीच, खोटं कशाला बोलू? आमदारकी गेली असती तर मला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं.

भाऊजी बोलायला उभे राहिले. बोलतात फर्डं, त्यात वाद नाही. विजेची गरज, बॉयलरचं वय, प्रगती, नातवंडांचं भविष्य, सगळं झालं. मग गॅलरीकडे पाहून, गळा दाटल्यासारखा करून म्हणाले, "तो बांध मजबूत आहे. मी स्वतः त्याच्या पायथ्याशी वाढलोय. माझी आई आजही तिथं राहते. धोका असता तर मी गप्प बसलो असतो का?"

बाकं वाजली. वर सासूबाई कठड्याला धरून पुढं वाकल्या होत्या.

"सन्माननीय सदस्या सूचना मागे घेत आहेत," अध्यक्ष म्हणाले. विचारलंही नाही. पुढचा कागद उचलत होते.

"नाही," मी म्हटलं.

त्यांना वाटलं माइक बिघडला. "मागे घेत आहात ना?"

"नाही घेत. आणि मंत्र्यांना एकच विचारायचंय. बांध मजबूत आहे, तर तुमच्या आईचं कपाट बाहेर ट्रकमध्ये काय करतंय?"

मग जो गदारोळ उडाला तो विचारू नका. आमच्या बाकांवरून आरोळ्या, समोरच्या बाकांवर हशा. त्यांना बांधाचं काही पडलं नव्हतं. दीर-भावजयीचं भांडण फुकटात बघायला मिळालं होतं. अध्यक्षांनी माझं वाक्य कामकाजातून काढून टाकायला सांगितलं. सूचना मताला टाकली. मी मतविभागणी मागितली, म्हणजे प्रत्येकाला आपल्या जागी उभं राहून मत नोंदवावं लागतं. बाजूनं मी उभी राहिले. विरोधकांतले थोडे हसत हसत उठले, बाकीचे चहाला गेले होते. विरुद्ध बाजूला आमचा अख्खा पक्ष उभा, त्यात भाऊजी. ते माझ्याकडे बघत नव्हते. सूचना पडली. प्रतोदांनी माझ्याकडे बघून मान हलवली, एखाद्याच्या मयतीला हलवतात तशी.

विधेयकाला अंतिम मंजुरी दुसऱ्या दिवशी होती. मंत्र्यानं मनात आणलं तर तोवर रक्कम इकडची तिकडं करता येते. पण मनात आणेल कोण?

बाहेर आले तर ट्रकभोवती पत्रकारांचा घोळका. माझं वाक्य कामकाजातून काढलं असलं, तरी ते गॅलरीत बसून सगळ्यांनी ऐकलं होतं. सासूबाई ड्रायव्हरशेजारच्या सीटवर चढून बसल्या होत्या.

"गाडी फिरव," त्या म्हणत होत्या.

"बंगला पुढंच आहे, आई."

"बंगल्यावर कोण जातंय? घरी घे."

तेवढ्यात भाऊजी धावत आले. पत्रकार बघून त्यांनी तोंडावर हसू ओढलं. "आई, चल की. सगळं तयार ठेवलंय तुझ्यासाठी."

"तू आत काय बोललास ते मी ऐकलं. बांध मजबूत आहे म्हणालास. माझी आई तिथं राहते म्हणालास."

"अगं, सभागृहात तसं बोलावं लागतं."

"मग मला तसं राहावं लागेल. तुला खोटं पाडू का चारचौघांत?"

त्यांनी ट्रकचं दार धरलं. घाम फुटला होता. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "आई, हट्ट करू नकोस. पाया पडतो तुझ्या. अगं, तो बांध..."

आणि थांबले. कॅमेरे पुढं सरकले होते.

"बोल की," सासूबाई म्हणाल्या. "तो बांध काय?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मार खाल्ल्यावर पाहायचे म्हणे, तसंच असावं. मला त्यांची कीव आली, पण मी मध्ये पडले नाही. मी दुसऱ्या बाजूनं चढून सासूबाईंना खेटून बसले.

"उद्या मंजूर होणार ना तुझं ते विधेयक?" सासूबाईंनी दाराच्या कडीवरून त्यांची बोटं एकेक करून सोडवली. "तोवर विचार कर. काही सांगायचं असलं तर ये. मी बांधाखालीच आहे."

त्यांनी दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरनं गाडी फिरवली.