मनगटावरची रेघ

मित्रांनो, मी रुग्णालयातील एक जुना पांढरा फलक आहे; आणि आरंभीच सांगतो, मी मत्सरी आहे.

अमेरिकेतील डुलूथ गावी, सुपीरियर सरोवराच्या काठी एका लहानशा रुग्णालयात, सात क्रमांकाच्या खोलीत, खाटेसमोर माझे स्थान आहे. रोज सकाळी परिचारिका माझ्यावर दिनांक, आपले नाव आणि रुग्णाचा आहार लिहीत असे. रुग्ण डोळे उघडी, तेव्हा प्रथम माझेच दर्शन घेई. माझी खालची लाकडी पट्टी मोडली होती, लेखण्या जमिनीवर घरंगळत. तरीही मी तृप्त होतो. कारण दारावर पाटी होती : ‘मोबाइल आत आणू नये.’ त्याने यंत्रे बिघडतील अशी तेव्हा भीती होती. त्या पाटीला मी मनोमन वंदन करी. बाहेर लोक त्या चिमुकल्या वस्तूला ज्या मायेने गालाशी धरीत, तसे मला कोणी कधी धरले नव्हते.

एका शरदात ऑर्विल हॉगन आले. सत्तरीचे सुतार, जन्मतः कर्णबधिर. हातांच्या खुणा हीच त्यांची भाषा. उजव्या हातात ढलपी घुसून जखम चिघळली होती. इथे खुणांची भाषा कोणासच येत नव्हती. म्हणून सारे संभाषण माझ्यावर चाले. मुख्य परिचारिका लॉरेन लिही, ते मान हलवीत. शल्यविशारदांनी तर माझ्यावर हाताचे चित्र काढले, मनगटावर ठसठशीत रेघ ओढली आणि शेजारी लिहिले, ‘भूल इथपर्यंत. उद्या.’ ऑर्विल त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि डाव्या हाताने संमतिपत्रावर सही केली. मी कृतार्थ झालो.

दुपारी त्यांची शेजारीण व्हर्ना आली. टोपलीत भोपळ्याचा गोड पाव, पावाखाली मोबाइल.

“व्हर्ना, दारावरची पाटी वाचता येते ना?” लॉरेन म्हणाली.

“चष्मा घरी राहिला गं. पाचच मिनिटं दे. ग्रेटा तिकडे ॲरिझोनात, बाप इथे. तिला खुणांनी बोलता येतं.”

“बोलायला हा फळा आहे की. काय कमी आहे त्याच्यात?”

माझी छाती फुगली.

“हात नाहीत त्याला,” व्हर्ना म्हणाली. “पाव घे, आणि जरा खिडकीबाहेर बघ.”

लॉरेनने पाव घेतला. खिडकीबाहेर मात्र ती पाहीना. मोबाइलच्या इवल्या चौकटीत लेकीचे मुख उमटले, आणि ऑर्विल यांचा डावा हात पक्ष्यासारखा उडू लागला. दोन दिवसांत माझ्यासमोर तो एकदाही असा उडाला नव्हता. मी मत्सराने जळत होतो. ती वस्तू आत्ता पडावी, फुटावी, अशी माझी प्रार्थना होती.

तोच ग्रेटाचा आवाज आला, “बाबा विचारतायत, हात तोडल्यावर एका हातानं नीट बोलायला किती दिवसांत जमेल?”

लॉरेनचा घास हातातच राहिला. “तोडणार? असं कोण म्हणालं यांना?”

ऑर्विल यांनी बोट उचलले आणि माझ्याकडे दाखवले. त्या रेघेकडे.

खुणांची भाषा इंग्रजीहून अगदी निराळी; लिहिलेले इंग्रजी त्यांना जेमतेम कळत असे. मान ते केवळ सौजन्याने हलवीत. आपली अर्धी वाणी तोडून द्यायला त्या भल्या माणसाने निमूट सही केली होती, आणि मी कृतार्थ झालो होतो.

लॉरेनने ती रेघ आपल्या बाहीने पुसली. मग मोबाइल स्वतःच्या हातात धरून ती म्हणाली, “ग्रेटा, सांग त्यांना. फक्त आत साचलेला पू काढायचाय. हात त्यांचाच राहणार. दोनदा सांग.”

शस्त्रक्रिया सुखरूप झाली. पुढे दारावरची पाटीही बदलली : ‘मोबाइल चालेल, रुग्णाच्या कामासाठी, हळू आवाजात.’

वसंतात ऑर्विल परत आले ते हत्यारांची पेटी घेऊन. त्यांनी माझी मोडकी पट्टी काढून मेपलची नवी बसवली, दोन्ही हातांनी. इतक्या वर्षांत मला कोणी असा मायेने स्पर्श केला नव्हता. पण पट्टी लेखणीपुरती नव्हती. चांगली दोन बोटे अधिक रुंद होती, मोबाइल उभा राहावा म्हणून.

तो आता माझ्याच पट्टीवर उभा राहतो. मत्सर अजून गेलेला नाही. खोटे कशाला सांगू? परंतु मित्रांनो, समोरच्याने मान हलवली म्हणजे त्याला कळले, असे मानू नका. त्याला त्याच्या भाषेत विचारा. आणि जे साधन त्याची भाषा आत आणील, त्याला दार उघडा, माझ्यासारख्याचे मन कितीही जळो.