कुलूप लावणारा टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना सार्वजनिक टेलिफोन आहे. काळा, जड, एका कोपऱ्यात पोचा आलेला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा टेलिफोन फक्त चित्रात पाहिला असेल. पण माझी कीव करू नका. सरकारच्या स्पर्धेत मी हरलो, मला भिंतीवरून उतरवायला माणूस आला, आणि तरीही मी आज भिंतीवर आहे. ते कसे, तेवढे ऐका.

अमेरिकेतल्या अ‍ॅपलेचियाच्या डोंगरात लॉरेल फोर्क नावाचे गाव आहे. तिथल्या कोळशाच्या खाणीच्या फाटकापाशी मला पहिल्यांदा बसवले. पाळी सुटली की कामगार काळ्या हातांनी माझा रिसीव्हर उचलत आणि घरी सांगत, "वर आलो गं. जेवण गरम कर." एवढ्या एका वाक्यासाठी ते नाणे टाकत, आणि पलीकडून सुटलेला श्वास मला ऐकू येई. त्या दिवसांत माझा फार मान होता. पुढे खाण बंद पडली आणि लोकांच्या खिशात फोन आले. कंपनीने मला उखडून भंगारात टाकायला सांगितले. टेलिफोन दुरुस्त करणाऱ्या रोडा फ्यूगेट या बाईंना ते बघवेना. त्यांनी मला घरामागच्या शेडमध्ये नेऊन ठेवले. रंगाच्या डब्यांशेजारी मी कित्येक वर्षे पडून होतो. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. मला वाटले, संपले आपले.

एके दिवशी शेडचे दार धाडकन उघडले. रोडाबाईंच्या मागून त्यांची शेजारीण ओडेसा स्टिडम आत आली. सगळे गाव तिला ओडेसामावशी म्हणते. ती उलट्या बादलीवर बसली आणि रागाने बोलू लागली.

झाले होते ते असे. आमच्या डोंगरात कितीतरी घरांना सरकारकडून दर महिन्याला किराण्यासाठी मदत मिळते. ती एका कार्डात जमा होते. मावशी दुकानात राजमा, मक्याचे पीठ आणि ताक घेऊन उभी राहिली, तर कार्ड रिकामे! ते तर त्याच सकाळी भरले होते. कुण्या चोराने एका दुकानाच्या यंत्रावर नकली यंत्र चिकटवून तिच्या कार्डाची नक्कल केली होती आणि दूरच्या शहरात सगळे पैसे उडवले होते. मावशी मदतीच्या सरकारी कार्यालयात गेली, तर खिडकीतल्या मुलीने तिलाच विचारले, "नंबर कुणाला सांगितला होता का? घरातल्या कुणी वापरलं असेल, आठवून बघा."

"उपाशी मरणार नाही गं मी, रोडा," मावशी म्हणाली. "परसात बटाटे आहेत. पण त्या पोरीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच माझ्या घरी दरोडा घातलाय! नवरा खाणीत दगावला, तेव्हासुद्धा मी कुणापुढे मान खाली घातली नव्हती."

"कार्डाला कुलूप लावता येतं, मावशी," रोडाबाई म्हणाल्या. "वापरायचं तेव्हा उघडायचं, एरवी बंद. बंद कार्डाची नक्कल करून चोराला काही मिळत नाही."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"सरकारच्या मदतीच्या फोन नंबरवर आहे ती सोय. लावून बघ."

मावशीने रोडाबाईंचा फोन कानाला लावला. यासाठी हे दाबा, त्यासाठी ते दाबा, पुन्हा ऐकायचे तर अमुक दाबा. मावशी दाबत गेली. कुलपाचे नाव यायच्या आत फोन कट झाला. तिने फोन गवताच्या ढिगावर भिरकावला.

"ही सोय आहे की भुलभुलैया?"

तेवढ्यात रोडाबाईंची नजर माझ्यावर पडली. राज्य सरकारने त्याच महिन्यात एक स्पर्धा जाहीर केली होती: मदतीतली चोरी थांबवा, मदत गरजूंपर्यंत पोहोचवा, बक्षीस मिळवा. त्यांनी बाहीने माझ्यावरची जाळी पुसली आणि म्हणाल्या, "हा बोलेल तुझ्याशी."

मित्रांनो, दुसरा जन्म पहिल्यापेक्षा गोड असतो. रोडाबाईंनी माझे पोट उघडून नव्या तारा घातल्या. सरकारी फोनचा तो सगळा भुलभुलैया त्यांनी मला शिकवला. माणसाने माझा रिसीव्हर उचलायचा, कार्डाचा नंबर आणि आपला गुप्त आकडा दाबायचा, आणि माझ्या कडेला बसवलेली चावी फिरवायची. डावीकडे फिरवली की कुलूप, उजवीकडे फिरवली की उघडे. मधले सगळे आकडे मी स्वतःच दाबत असे. आणि छातीवर हात ठेवून सांगतो, मला छाती नसली तरी, की मी कुणाचाही गुप्त आकडा कधी लक्षात ठेवला नाही.

सूचना सांगायला आवाज घेतला तो ओडेसामावशीचा. "घाबरू नका. मी लॉरेल फोर्कची ओडेसा बोलतेय. कार्ड हातात घ्या. चष्मा नसेल तर घेऊन या, मी थांबते."

राजधानीत स्पर्धेचा दिवस उजाडला. रोडाबाई आणि मावशी मला घेऊन तिथे पोहोचल्या. दालन चकचकीत यंत्रांनी भरले होते. माझ्या शेजारी एक उंच पांढरे यंत्र उभे होते. ते माणसाचा चेहरा बघून तो खरा की खोटा हे ठरवत असे. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत होते. माझा रिसीव्हर मात्र परीक्षकांच्या प्रमुख हॅलोरनबाईंनी उचलला आणि मावशीचे बोलणे ऐकून त्या खुदकन हसल्या. शेवटच्या फेरीत मी आणि ते पांढरे यंत्र, असे दोघेच उरलो.

हॅलोरनबाई वाईट नव्हत्या. त्यांनी रोडाबाईंना बाजूला घेतले. "तुमचा टेलिफोन आम्हाला आवडला. पण स्पर्धा फसवणूक पकडण्याची आहे, आणि हा कुणाला पकडत नाही. यात कॅमेरा बसवा. कुलूप उघडण्याआधी चेहरा तपासू द्या. संशय आला तर कार्ड कार्यालयाकडूनच बंद होईल. एवढं कराल तर बक्षीस तुमचं."

रोडाबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या छपराला गळती होती आणि गाडी ढकलल्याशिवाय सुरू होत नव्हती, हे मला माहीत होते. मावशी मात्र पुढे सरसावली.

"बाई, चोर बसलाय तिकडे शहरात. त्याचा फोटो काढायचा सोडून माझा कशाला काढताय?"

"हे तुमच्याच भल्यासाठी आहे, आजी."

"माझ्या भल्याचं मला विचारा की! माझ्या दाराला कुलूप द्या, किल्ली माझ्या हातात द्या. कुलूपवाल्याला घरात राहायला कशाला पाठवताय?"

रोडाबाईंनी मला उचलून कुशीत घेतले. "कॅमेरा बसणार नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

बक्षीस पांढऱ्या यंत्राला मिळाले. परतीच्या वाटेवर मी गाडीच्या मागच्या सीटवर होतो.  मी हरलो होतो, मित्रांनो, पण मला एकदाही वाटले नाही की कॅमेरा बसवून घ्यायला हवा होता.

गावच्या ग्रंथालयाच्या प्रमुख थेल्मा कायझर यांनी मला दाराशेजारच्या भिंतीवर लावून घेतले. लोक येऊ लागले. आधी बिचकत, मग सवयीने. कुणी रिसीव्हर उचलून आधी मावशीच्या आवाजालाच "बरी आहेस ना?" असे विचारत. लवकरच ही बातमी राजधानीत पोहोचली. एका दुपारी प्रुइट नावाचे अधिकारी आले. हातात पेचकस, चेहऱ्यावर कामाचा कंटाळा.

"हे यंत्र मंजूर झालेलं नाही. काढावं लागेल."

"टेलिफोन आहे तो," थेल्माबाई म्हणाल्या. "टेलिफोनवरून फोन लावायला मंजुरी कधीपासून लागते?"

प्रुइटनी माझी तार भिंतीतून उपटली. मी मुका झालो. कुलूप लावायला आलेल्यांच्या रांगेत ओडेसामावशी पहिलीच होती. ती पुढे झाली आणि तिने तार पुन्हा जोडली. प्रुइटनी उपटली. मावशीच्या मागे ड्वेन मलिन्स उभा होता. तो खाणीत फुप्फुसे खराब करून घेतलेला धिप्पाड माणूस. त्याने धापा टाकत वाकून तार जोडली.

"तुम्ही सरकारी कामात अडथळा आणताय," प्रुइट ओरडले.

"साहेब, आम्ही नुसता फोन लावतोय," ड्वेन म्हणाला. "अडथळा तुम्ही आणताय."

प्रुइटनी पुन्हा उपटली. आता कडेवर बाळ असलेली एक बाई पुढे आली. तिच्यामागे आणखी माणसे होती, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट स्पष्ट होती: आमची संध्याकाळ मोकळी आहे. प्रुइटनी रांगेकडे पाहिले, पेचकसाकडे पाहिले. मग ते खुर्चीवर बसले आणि थेल्माबाईंकडे पाणी मागितले.

"वर काय सांगू मी?" त्यांनी हताशपणे विचारले.

"सांगा, तार सारखी जोडली जाते," मावशी म्हणाली.

त्यांनी तसेच सांगितले असावे, कारण मला काढायला पुन्हा कुणी आले नाही.

हिवाळ्यात चोरांची मोठी टोळी आमच्या भागात उतरली. सगळ्या खोऱ्यातल्या दुकानांवर त्यांनी नकली यंत्रे चिकटवली. शेजारच्या गावांत माणसे भरलेल्या टोपल्या सोडून दुकानांबाहेर पडली. तिथल्या कार्यालयांत पांढरी यंत्रे उभी होतीच. पण चोर काही चेहरा दाखवायला तिथे येत नव्हते. येत होते ते लुबाडले गेलेले लोक, आणि त्यांचेच चेहरे तपासले जात होते. लॉरेल फोर्कमध्ये मात्र चोरांच्या हाती कुलूपबंद कार्डे लागली. आमच्याकडेही दोघे-तिघे कुलूप लावायला विसरले आणि त्यांचे पैसे गेले. नाही असे नाही. पण गाव जेवले.

त्यानंतर राजधानीतून हॅलोरनबाई स्वतः आल्या. दिवसभर माझ्यापाशी बसून त्यांनी लोकांना विचारले, काय अडते, कुठे अडते. सहा महिन्यांत सरकारने आपल्या फोनमधला भुलभुलैया मोडला. आता कुठल्याही फोनवरून पहिलेच बटण दाबले की कार्डाला कुलूप लागते. पुढच्या स्पर्धेला रोडाबाईंना परीक्षक म्हणून बोलावले. त्या प्रत्येक स्पर्धकाला एकच प्रश्न विचारतात म्हणे: "तुमचं यंत्र चुकलं, तर माणसानं कुणाला हाक मारायची?" कित्येक जण हा प्रश्न ऐकून यंत्र परत घेऊन जातात आणि पुढच्या वर्षी सुधारून आणतात.

माझी गरज त्यामुळे कमी झाली आहे. काही जण म्हणतात, याला आता काचेच्या कपाटात ठेवा. मित्रांनो, काचेत ठेवलेल्याला कुणी हात लावत नाही, आणि मी हात लावण्यासाठीच झालो आहे. तुम्ही मोठे व्हाल, माझ्याहून हुशार यंत्रे बनवाल. जरूर बनवा. चोर पकडा, बक्षिसे मिळवा. पण मदत मागायला आलेल्या माणसाकडे आधी चोर म्हणून बघणारे यंत्र बनवू नका. तसे यंत्र घेऊन इकडे आलात तर लॉरेल फोर्कमध्ये त्याला भिंत मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.