इन्व्हर्टरवरचा हवालदार

धर्मराजला वाहतूक शाखेतून बडतर्फ केलं. शिट्टी, पांढरं हेल्मेट आणि पावतीपुस्तक जमा करून घेतलं, आणि हा हुकूम एका हार्टअ‍ॅटॅक आलेल्या माणसानं अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आडवं पडून सोडला.

पण हे झालंच नाही असं समजा. धर्मराज स्वतः तसंच समजून चालतो. ज्याचं पोट दुखतंय तोच विसरलाय, तर आपण कशाला ओवा घेऊन उभं राहायचं.

तर साल दोन हजार आठ. जालन्यात बसस्टँडमागं सर्जेरावचं इंटरनेट कॅफे होतं. त्याआधी तिथं कपाशीच्या बियाण्याचं गोदाम होतं, म्हणून आत शिरलं की संगणक दिसायच्या आधी औषधाचा वास यायचा. सर्जेरावनं मशिनं आणली, खुर्च्या आणल्या, पण 'बियाणे उधार मिळणार नाही' ही भिंतीवरची पाटी तशीच ठेवली. उधारीचा भाग कामाचा आहे म्हणाला.

धर्मराज आणि भुजंग दोघं केदारखेड्याचे. जालन्यात एकाच खोलीत राहून आयटीआय करायचे, गोजरबाईच्या खानावळीत जेवायचे आणि दुपारी कॅफेत बसायचे. तो खेळ धर्मराजनं शोधला. हे तो आजही कुणालाही, न विचारता सांगतो.

खेळ असा, की एका परदेशी शहरात तुमचा एक माणूस असतो आणि बटणं दाबली की तो चालतो. बाकीची माणसंही खरी. कुणी नाशिकला, कुणी मुंबईला खुर्चीवर बसून त्या शहरात हिंडायचं. मारामाऱ्या करायच्या नाहीत, नोकरी करायची. कुणी डॉक्टर, कुणी टॅक्सीवाला. जी माणसं गावाकडं रिकामी होती ती तिथंही रिकामीच राहायची, सवयीनं.

धर्मराज तिथं टॅक्सी चालवायचा. भुजंगला बटणं त्यानंच शिकवली, हाताला धरून, जसं लहान लेकराला ग म भ न शिकवावं. मग वाहतूक शाखेत जागा निघाली आणि दोघांनी अर्ज टाकला.

मुलाखत चीफनं घेतली. चीफ मुंबईचा आहे, एवढंच त्याच्याबद्दल ठाऊक होतं. त्यानं लिहून विचारलं, सिग्नल लाल आहे आणि रस्ता मोकळा आहे, तर काय कराल? धर्मराजनं लिहिलं, रस्ता मोकळा आहे तर थांबायचं कुणासाठी? दुसरा प्रश्न होता, तुमचा जिवलग मित्र सिग्नल तोडून गेला तर? धर्मराजनं लिहिलं, कोणता मित्र, त्यावर आहे.

भुजंगनं लिहिलं, 'पावती फाडीन, मंग चहा पाजीन.'

भुजंगला घेतलं.

आता घेतलं तर घेतलं, माणसानं गप बसावं की नाही? पण भुजंग ड्युटीला जायच्या आधी शर्टाला इस्त्री करायला लागला. खरा शर्ट, खरी इस्त्री. भांग पाडून, शर्ट पँटीत खोचून तो सर्जेरावच्या खुर्चीत ताठ बसायचा, आणि पडद्यावर त्याचा माणूस निळ्या दिव्याच्या मोटारसायकलवर फिरायचा. बाजूच्या मशिनवर धर्मराज टॅक्सीत उतारूंची वाट बघत त्या मोटारसायकलीकडं बघायचा. जिलबीच्या गाड्यासमोर उपासाचा माणूस बघतो तसं.

"धर्मा, तुझा उजवा दिवा बंद हाय," भुजंग एकदा शेजारच्या खुर्चीतून म्हणाला.

"मंग?"

"मंग काय, लावून घे. आजच्यापुरतं सोडतो."

सोडतो. धर्मराजला त्या रात्री भाकर गोड लागली नाही. पावती फाडली असती तर परवडलं असतं.

आणि मग गोजरबाईनं घोळ घातला. तिनं इस्त्रीचा शर्ट बघून विचारलं, "काहून रे भुजंग, नोकरी लागली काय?"

भुजंग खोटं बोलत नाही, हीच त्याची खोड. "हाव मावशी. ट्राफिकला."

"गाडी देली?"

"देली."

"पगार?"

"महिन्याच्या महिन्याला जमा होऊन राह्यलाय."

गोजरबाईची बहीण केदारखेड्यात दिलेली. बातमी भोकरदनच्या एसटीनं गेली आणि भुजंगच्या आधी गावात पोहोचली. रविवारी पारावर भुजंगचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार ठरला. नारळ सरपंचाच्या हस्ते.

धर्मराज रविवारी मुद्दाम गावी गेला. सत्काराला नव्हे, सत्यासाठी. त्याचं नावच धर्मराज, तो तरी काय करणार. सगळ्यांसमोर खरं काय ते सांगायचं, असं तो एसटीत सबंध वाटेनं घोकत आला. पण भुजंगनं तिथंही घात केला. टोपी डोक्यावर बसताच त्यानं स्वतःच सांगून टाकलं, "मंडळी, ही नोकरी खरी न्हाई. कंप्युटरवरच्या खेळातली हाय."

 मग मागून कुणीतरी समजूतदारपणे म्हणालं, "बराबर. खेळाडूंच्या कोट्यातून लागला." टाळ्या पडल्या. अंबडकडचं एक स्थळ तर नारळ फुटायच्या आत चौकशीला आलं.

धर्मराजनं तरी हार मानली नाही. संध्याकाळी त्यानं भुजंगच्या वडलांना, तातेरावांना, गोठ्यात गाठलं. म्हशीला पेंड घालत होते. धर्मराजनं सगळं समजावून सांगितलं: शहर खोटं, मोटारसायकल खोटी, पगार खोटा, उद्या लाईट गेली की शाखाच राहत नाही. तातेरावांनी पेंड कालवत सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे जागा खोटी, पण निवड खरी," ते म्हणाले.

"हाव, तशी खरी."

"अर्ज किती जणांनी टाकल्ता?"

"लई जणांनी."

"तू टाकल्ता?"

धर्मराज म्हशीकडं बघत राहिला. म्हैसही त्याच्याकडं बघत राहिली.

"मंग खोट्या नोकरीत बी तुला न्हाई घेतलं काय रे?" तातेराव म्हणाले. टोमणा नव्हता, म्हातारा खरंच हळहळला. तीच हळहळ धर्मराज जालन्यापर्यंत मांडीवर घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, शाखेत शिरायचंच. भुजंगची उत्तरं त्यानं तोंडपाठ केली आणि पुन्हा मुलाखत दिली. मित्र सिग्नल तोडून गेला तर काय कराल, या प्रश्नाला त्यानं 'पावती फाडीन' असं लिहिलं. चहाचं लिहिलं नाही. चीफवर त्याची छाप पडली असावी, कारण धर्मराज निवडला गेला. त्यानं शर्टाला इस्त्री केली, खानावळीत गोजरबाईपुढून उगीच तीन वेळा गेला. तिनं विचारलं, "लग्नाला चाललास काय कुणाच्या?"

कॅफेत आल्यावर भुजंगनं त्याचा हात हातात घेतला. "म्या चीफला सांगितल्तं, धर्मा माझा गुरू हाय, बिलकुल घ्या."

म्हणजे वशिला. भुजंगचा. धर्मराजनं हसून हात सोडवला आणि हँडपंपावर जाऊन बराच वेळ धुतला.

शाखेतही भुजंग वरच. तो हवालदार, धर्मराज शिपाई. त्याला दवाखान्यापुढच्या चौकात उभं केलं. मोटारसायकल नाही, नुसती शिट्टी. आणि इकडं कॅफेत त्याहून वाईट झालं. सर्जेरावनं नवा इन्व्हर्टर आणला. तेव्हा जालन्यात रोज भारनियमन होतं, दुपारी लाईट गेली की सगळी पोरं उठून टपरीवर जायची. इन्व्हर्टरवर मात्र एकच मशिन चालायचं, आणि सर्जेरावनं ते कोपऱ्यातलं मशिन भुजंगला राखून ठेवलं.

"सर्जेरावभाऊ, हा खेळ हाय, तुम्हाला ठाऊक हाय ना?" धर्मराजनं विचारलं.

"ठाऊक हाय की."

"मंग ते मशिन त्याला काहून?"

"अरे, गावानं टोपी घातलीय त्याला. आन् माझ्याकडं कॅफेचं लायसन न्हाई. पोलीस खेळातला असू नायतर मोंढ्याच्या नाक्यावरला, आपण सांभाळून ऱ्हावं."

"मी बी पोलीसच हाय."

सर्जेरावनं त्याला खालून वर पाहिलं. "तुला टोपी कुठं घातलीय?"

त्या दिवसापासून धर्मराजच्या मनात एकच पावती फडफडत होती. भुजंग कधीतरी चुकेल. माणूसच आहे. पण भुजंग चुकेना. निर्जन रस्त्यावर, पहारा नसताना, लाल दिव्याला भुजंगची मोटारसायकल अशी थांबायची, की दिव्यालाच लाज वाटावी.

शेवटी एका दुपारी तो लाल दिवा तोडून आला. निळा दिवा चालू, भोंगा चालू, मागं अ‍ॅम्ब्युलन्स. धर्मराजनं शिट्टी मारली. पडद्यावर मारली आणि तोंडानंही मारली. सगळं कॅफे वळून बघायला लागलं.

"धर्मा, अ‍ॅम्ब्युलन्सला रस्ता करून देऊन राह्यलो," भुजंग कोपऱ्यातून म्हणाला.

"गाडी बाजूला घ्या," धर्मराज म्हणाला. त्याच्याकडं न बघता.

"अरे आत पेशंट हाय."

"लायसन दाखवा."

भुजंगनं मोटारसायकल बाजूला घेतली. वाद घातला नाही. कायदा तो कायदा म्हणून उतरून उभा राहिला, आणि त्याच्या या चांगुलपणानं धर्मराज आणखी पेटला. मागं अ‍ॅम्ब्युलन्स अडकली. आत चीफ स्वतः होता. त्या आठवड्यात त्यानं हार्टअ‍ॅटॅक यायचा कार्यक्रम ठेवला होता, शाखेची तयारी तपासायला. आतून तो लिहीत होता, 'छातीत कळ येत आहे.' धर्मराजनं उत्तर लिहिलं, 'पावती झाल्यावर सोडतो.'

त्यानं सावकाश लिहायला घेतलं. गुन्हा, सिग्नल तोडणे. नाव, भुजंग. हुद्दा लिहिताना थोडा हात आखडला, तरी लिहिला. शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं, आणि लाईट गेली.

पंखे थांबले, पडदे काळे झाले, पोरं उठून टपरीकडं निघाली. कोपऱ्यात एकच मशिन चालू राहिलं. धर्मराज उठून भुजंगच्या खांद्यामागं उभा राहिला आणि त्यानं स्वतःलाच पाहिलं: चौकाच्या मधोमध, हातात पावतीपुस्तक, अ‍ॅम्ब्युलन्सपुढं दगडासारखा उभा. पुढून हलेना, मागून हलेना. मग एकदम तो पुसला गेला.

त्या शहरात एक कडक नियम होता. कामगिरी अर्धी टाकून खेळ बंद करून पळणारा शिपाई बडतर्फ.

"चीफ विचारतो, धर्मराज कुठं पळाला?" भुजंग म्हणाला.

"सांग, लाईट गेली."

भुजंगनं लिहिलं. "तो म्हणतो, तुम्ही दोघं एकाच खोलीत बसता ना?"

"हाव म्हण."

"तो म्हणतो, मंग तुझी कशी न्हाई गेली?"

दोघंही इन्व्हर्टरकडं बघायला लागले. भुजंगनं खरं ते लिहिलं, सगळं, सर्जेरावच्या लायसनसकट.  मुंबईच्या माणसाला एकाच खोलीत एकाची लाईट जाते आणि दुसऱ्याची राहते, हे कसं पटावं. शेवटी चीफनं अ‍ॅम्ब्युलन्समधून बडतर्फीचा हुकूम लिहिला आणि लगेच मेला. भुजंगनं पडद्यासमोर उभं राहून सलाम केला.

मग त्यानं धर्मराजला टपरीवर नेलं आणि चहा पाजला. पावती अर्धीच राहिली होती, पण चहा पूर्ण होता. धर्मराज प्यायला, बशी चाटली, आणि खोलीवर जाऊन टाकोटाक लिहायला बसला:

प्रति, मा. उपअभियंता, वीज उपविभाग, जालना शहर. विषय: समान भारनियमन मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हा एका शहराच्या वाहतूक शाखेत शिपाई असून (शहर आपल्या हद्दीत येत नाही) कर्तव्यावर असताना त्याची वीज खंडित झाली. तथापि त्याच खोलीतील हवालदार श्री. भुजंग यांची वीज चालू राहिली. सबब, कृपावंत होऊन त्या दिवशी वीज गेली होती, अर्जदार गेला नव्हता, असा दाखला चीफसाहेबांच्या नावे द्यावा; ते मयत असल्यास त्यांच्या वारसांच्या नावे द्यावा. तसेच यापुढे श्री. भुजंग यांच्या इन्व्हर्टरलाही अर्जदाराइतकेच, शक्य झाल्यास थोडे जास्त, भारनियमन लागू करावे, आणि त्याची अंमलबजावणी केदारखेड्याच्या पारावर, तातेरावांच्या समक्ष व्हावी, ही नम्र विनंती.