बारा-दहाला चेहरा दिसला पाहिजे

चेतनाताईची अट एकच होती. बारा वाजून दहा मिनिटांनी ती व्हिडिओ कॉल करणार आणि त्यात ईराचा चेहरा दिसला पाहिजे. रडका नको.

"आणि झोपलेली चालणार नाही," ती म्हणाली. "मागच्या वर्षीबी झोपलेलीच होती."

मागच्या वर्षी मी फोनवर 'झोपली आहे' असं सांगत होतो तेव्हा तिची पोरगी माझ्या मांडीवर बसून 'आई' म्हणून ओरडत होती. तेव्हा ईराला तेवढा एकच शब्द यायचा, पण तो ती फार मनापासून वापरायची. ताईची सरकारी परीक्षा होती. सकाळी एक पेपर, दुपारी तीनला दुसरा. मधल्या सुट्टीत तिनं फोन केला, आवाज ऐकला आणि दुसरा पेपर सोडून घरी आली. यंदा तिचं वय बसत होतं. पुढच्या वर्षी बसणार नव्हतं.

ईरा आता अडीच वर्षांची. अश्विनभाऊजींना उरला भागातल्या मिलमध्ये शिफ्ट बदलून मिळेना. आई लग्नाला नागपूरला. उरलो मी आणि बाबा. घरी ठेवलं तर ईरा दारापाशी ठिय्या देणार, म्हणून तिला दिवसभर शहर फिरवायचं ठरलं.

बाबा रेल्वेत गार्ड होते. ते रिटायर झाले आणि पाठोपाठ रेल्वेनं गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणायला सुरुवात केली. हे आपल्याला चिडवायलाच केलंय असं त्यांचं मत आहे. त्यांनी आठवडाभर बसून ईराच्या सहलीचं टाइमटेबल काढलं. घर सुटणे नऊ-वीस. सुसू थांबा दहा-पाच. दूध व बिस्कीट, गाडी बदल, अकरा.

"जंगल सफारी टाकू?" मी विचारलं.

"वाघ पाहिला की तिले आई पाहिजे," ताई म्हणाली.

"म्युझियम?"

"मुंडकं नसलेल्या मूर्त्या पाहून मलेच माझी आई पाहिजे होते," बाबा म्हणाले.

शेवटी तलावाकाठची बाग ठरली. तिथं बदकं होती. बारा-पाचला बदकं, बारा-दहाला कॉल, मागे बदकं, पुढे हसरी ईरा. बाबांनी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

एक गोष्ट सांगायची राहिली. ईराला चालायला बाबांनी शिकवलं. बाकीची पोरं बोट धरून शिकतात, ही झेंडीवर शिकली. लाल झेंडी दिसली की असेल तिथं बसायचं. हिरवी हलली की उठायचं, उजवा हात वर करून हलवायचा, म्हणजे 'पाहिली', आणि मग निघायचं. घरात फार सोय झाली होती. गॅसपाशी लाल, ताटाकडे हिरवी. लाल साडी, लाल बस, मिरच्या, हे ती सोडून द्यायची. पण काठीच्या टोकाला लाल फडकं दिसलं की संपलं. जगात अशी फडकी किती आहेत याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता.

रविवारी सकाळी बाबांनी गेटमध्ये उभं राहून ताईच्या स्कूटीला हिरवी झेंडी दाखवली. ताई निघाली. दोन मिनिटांत परत आली, प्रवेशपत्र राहिलं होतं. सगळ्यांनी मिळून डिक्की उपसली, डबा बाहेर, डबा आत. प्रवेशपत्र फ्रिजवर सापडलं. दुसऱ्यांदा बाबांनी नुसती शिट्टी वाजवली. तेव्हा मला काही वाटलं नाही.

अकरा-पन्नासपर्यंत आम्ही तीन मिनिटं लवकर होतो. बागेचं गेट वीस पावलांवर. आणि गेटच्या अलीकडे एक ट्रक उभा होता, लोखंडी सळ्यांनी भरलेला. सळ्या मागे हातभर बाहेर आलेल्या, आणि त्यांच्या टोकाला, नियमाप्रमाणे, लाल फडकं.

ईरा फुटपाथवर बसली.

"बाबा, झेंडी," मी म्हणालो.

बाबांनी पिशवीत हात घातला. लाल निघाली. परत घातला. शिट्टी निघाली. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि मला सकाळची डिक्की आठवली.

मी ईराला उचललं. तिनं अंग ताठ केलं आणि अशी किंकाळी फोडली की एक बाई स्कूटर थांबवून उतरल्या.

"ये बच्ची किसकी है?"

"भाची है, दीदी."

त्यांनी ईराला विचारलं, "बेटा, ये कौन है?"

"लाल," ईरा म्हणाली.

मी तिला खाली ठेवलं. बाईंनी माझा फोटो काढला, मग गेल्या.

अकरा-अठ्ठावन. मी झाडाचं पान हलवलं. चिप्सचं हिरवं पाकीट हलवलं. समोरच्या भाजीच्या गाडीवरून पालकाची जुडी आणून हलवली. "झेंडी नाय," ईरा म्हणाली. तिचं बरोबर होतं. मग मी ट्रकच्या ड्रायव्हरकडे गेलो. तो केबिनमध्ये जेवत होता.

"भैया, दो मिनट वो कपड़ा निकाल दो."

"सरिया बाहर है. कपड़ा नहीं हटेगा."

"बाबा, तुम्ही सांगा त्याले."

बाबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, सळ्यांकडे पाहिलं. "बराबर आहे त्याचं," ते म्हणाले आणि त्याला सलाम केला. त्यानंही घास हातात ठेवून केला. मी एकटा पडलो.

बारा-दहाला फोन वाजला.

"नको उचलू," मी स्वतःलाच म्हणालो. "सांगू, रेंज नव्हती."

"मागच्या वर्षी झोप होती, या वर्षी रेंज?" बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि उचलला.

स्क्रीनवर ताई, मागे स्कूटी. ईरानं तिला पाहिलं आणि आतापर्यंत राखून ठेवलेलं सगळं रडणं एकदम काढलं.

"रस्त्यावर काहून बसली पोट्टी? नाक पाहा तिचं! बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?" ताईचा आवाज फाटला. "राहू द्या. मी येऊन राहिले."

चावीचा आवाज आला.

"चेतना," बाबा म्हणाले, "डिक्की उघड."

"बाबा, आता डिक्की—"

"उघड म्हटलं ना."

फोन हलला. आकाश दिसलं, हेल्मेट दिसलं, डबा दिसला. मग ताईचा हात वर आला आणि त्यात हिरवी झेंडी होती. ती झेंडीकडे पाहत राहिली. मग समजल्यासारखी फोनसमोर आणून हलवायला लागली, आधी हळू, मग जोरात, परीक्षा केंद्राच्या गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

ईराचं रडणं मध्येच तुटलं. तिनं नाक बाहीला पुसलं. उठली. उजवा हात वर करून हलवला.

"ये तो रेलवे वाली निकली," ड्रायव्हर म्हणाला.

ताई तशीच उभी होती, झेंडी हातात, गाल ओले. "येऊ का ग मी, सोनू?"

ईरानं परत हात हलवला, या वेळी रागानं. "जा!" ती म्हणाली. तिच्या हिशोबानं दोन्हीकडून सिग्नल झाला होता आणि समोरची गाडी उगाच उभी होती.

"जेव आधी," बाबा म्हणाले. "तीनले पेपर आहे तुहा."

फोन कट झाला. ताई येते की पेपरला बसते, पाच वाजेपर्यंत कळायला मार्ग नव्हता, कारण फोन परत डिक्कीत गेला होता. बदकं पाहताना बाबा दर गाडीच्या आवाजाला मान वळवत होते. ताई आली नाही.

संध्याकाळी पावणेसहाला स्कूटी गेटपाशी थांबली. थांबावंच लागलं. गेटच्या आत ईरा उभी होती, दिवसभर पिशवीत पडून असलेली लाल झेंडी दोन्ही हातांनी धरून.

"कसा गेला?" मी आतून विचारलं.

"पुरा लिहिला. दोन्ही," ताई म्हणाली. "आता आत तर घ्या मले."

बाबांनी घड्याळ पाहिलं. "ते माझ्या हातात नाही," ते म्हणाले.