मातीचा निरोप

माझा धाकटा भाऊ बन्सी जर्मनीत पाद्री आहे. दीडशे वर्षांपूर्वी ज्या गावातून एक साहेब येऊन आमच्या खापरपणजोबांना बाप्तिस्मा देऊन गेला, त्याच गावच्या चर्चमध्ये. तिथं आता रविवारी आठ म्हाताऱ्या येतात. त्यांच्याकडचं कुणी पाद्री व्हायला तयार नाही, म्हणून आमचा नेला.

"त्यांनी देव दिला आन् माझं पोरगं नेलं," आई म्हणायची.

आठ महिने ती उस्मानपुऱ्यातल्या घरात अंथरुणावर होती. एकच घोकायची, "माझ्या मातीला बन्सीच बोलंल. दुसऱ्या कुणाला तोंड उघडू देऊ नको."

मंगळवारी दुपारी ती गेली. मी फोन लावला. बन्सी फोन घरी ठेवून चर्चच्या शिबिराला गेलेला. त्याच्या बायकोनं, हाइकेनं उचलला. ती जर्मन, पण आमच्यासाठी पुस्तकं लावून मराठी शिकलेली.

"ताई, जेवलात का?" तिनं विचारलं.

"हाइके, आई गेली. गुरुवारी चारला माती आहे. बन्सीला लगेच कळव."

"हो ताई. बरं झालं."

सुटलेल्या माणसाबद्दल आपल्यातही असंच म्हणतात. मला वाटलं, किती आपली झाली ही.

दोन दिवस आई दवाखान्यातल्या शीतपेटीत होती. फोन परत लागेना. विमानात असेल, म्हटलं. आमच्या मंडळीचे पाद्री अप्पाराव दोनदा विचारून गेले. "येईल," मी म्हणत राहिले.

गुरुवारी चारचे साडेपाच केले. मग अप्पारावच बोलले, आणि खड्डा बुजवला. लोक पांगत होते तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं ताई," बन्सी हसत होता. "आत्ताच घरी आलो, बंद पडलेला फोन चार्जिंगला लावला. हाइके म्हणती, आई बाहेर गेली आन् आज माती यायचीय. हिंडायला कधी लागली ती? कुंड्यांची हौस फिटली नाय का अजून?"

"बन्सी, आईचं दफन झालं," मी म्हणाले. मुद्दाम छापील शब्द वापरला, पुन्हा चुकायला जागा नको म्हणून.

मग तो म्हणाला, "फोन धर तिच्याजवळ."

खाली बसले आणि धरला. तो बोलायला लागला, जर्मनमध्ये. तिथं ज्या भाषेत म्हाताऱ्या पुरतो, त्याच भाषेत. त्याच्या लक्षातही आलं नसावं. मी थांबवलं नाही. अप्पाराव डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. आमेन आलं, तेवढंच आम्हाला त्याच्याबरोबर म्हणता आलं.