पाच दंडांचा सोमवार

अर्लीनने खातं उघडायचा फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती, आणि त्यामुळे तिचा संशय आणखीच बळावला. तिने कागद खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला, मग टेबलावर ठेवून त्यावर तळहात दाबला.

"बारीक अक्षरातलं कुठं आहे?"

"नाहीये, मिस अर्लीन," टेबलापलीकडची तमेका म्हणाली. "एवढंच आहे."

"एवढंच कधीच नसतं."

तमेका हसली. तिची आई आणि अर्लीन चर्चमध्ये शेजारी उभ्या राहून गात, त्यामुळे पोरगी गोड बोलते याचं अर्लीनला नवल वाटलं नाही. आईनेही असंच गोड बोलून चर्चच्या एकाच छपरासाठी दोनदा वर्गणी काढली होती.

शेजारच्या खुर्चीत अर्लीनचा नवरा वॉर्डेल टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. त्याला गाडी चालवायला आणलं होतं, बोलायला नाही, आणि हे त्याला ठाऊक होतं.

अर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. शाळा पुढच्या महिन्यापासून पगाराचा चेक देणार नव्हती. शुक्रवारपर्यंत खात्याचा नंबर द्या, नाहीतर पगार अडकेल, असं सांगून ती मोकळी झाली होती. अकरा वर्षं अर्लीनने बँकेची पायरी चढली नव्हती. चेक किराणा दुकानाच्या खिडकीवर वटवायचा, खिडकीवाल्याने त्यातले आपले कापून घ्यायचे, भाडं मनीऑर्डरने भरायचं. लुबाडणूक तीही होती, पण निदान तोंडावर होती.

"समज, खात्यात दहा डॉलर आहेत आणि मी बारा डॉलरचं चिकन उचललं. मग?"

"कार्ड चालणार नाही."

"आणि दंड?"

"नाही."

"महिन्याला काही कापता?"

"नाही."

"मग तुमचं पोट कशावर भरतं?"

"पतसंस्था आहे ही, मिस अर्लीन. सभासदांना कर्ज देतो, त्याच्या व्याजावर."

"पोरी, मागच्या वेळीही एक टायवाला असाच गोड बोलला होता. काळजी करू नका बाई, पैसे कमी पडले तर बँक भरेल. भरले ना! हे बघ कसे भरले."

तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून घडी घातलेला कागद काढला. घड्या फाटल्या होत्या, तिथे चिकटपट्टी लावली होती. जुन्या बँकेचं स्टेटमेंट.

"एका सोमवारी पाच दंड. प्रत्येकी पस्तीस डॉलर. भरता आले नाहीत म्हणून बँकेने खातं बंद केलं. ट्रकचा पुढचा हप्ता चुकला आणि कर्जवाल्यांनी तो ओढून नेला. आणि हे सगळं कशापायी?" ती नवऱ्याकडे वळली नाही, नुसता अंगठा त्याच्या दिशेने केला. "साहेबांना मासे पकडायला गांडुळं हवी होती. केस कापायचे होते. बाहेरची कॉफी प्यायची होती."

वॉर्डेल गुडघ्यावरच्या टोपीकडे बघत बसला. हा विषय निघाला की तो असाच बसायचा. त्या सोमवारनंतर त्याने गळ हातात धरला नव्हता. दर शनिवारी अर्लीन त्याच्या हातावर वीस डॉलर ठेवायची आणि पुढच्या शनिवारी ते कुठे गेले हे तो न विचारता सांगायचा.

तमेकाने कागद घेतला. तिचं बोट रकान्यातून खाली गेलं, थांबलं, परत वर आलं.

"हे सगळं सोमवारी कापलंय," ती म्हणाली, "पण मिस्टर वॉर्डेलनी घेतलंय शनिवारी. ही बाजूची तारीख बघा. शनिवारी खात्यात सहाशे चाळीस होते."

"मग?"

"त्यांनी पाच ठिकाणी मिळून छत्तीस खर्चले. पैसे होते की. सोमवारी सहाशे तीसचा चेक वटायला आला, आणि बँकेने तो आधी वळता केला. उरले दहा. मग छोटे एकेक घेतले, पहिल्यालाच दहा पुरले नाहीत, आणि प्रत्येकावर दंड लावला. मोठं आधी, छोटं नंतर. तेव्हा बऱ्याच बँका असं करायच्या."

"कशाला?"

"पाच दंड मिळतात. आल्या क्रमाने घेतलं असतं तर एकच बसला असता. त्या चेकवर."

अर्लीनने कागद ओढून घेतला. पोरगी आपल्याला घोळात घेतेय असं तिला वाटलं. तिने पेन्सिल मागून घेतली, फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर बेरीज मांडली, वजाबाकी मांडली, खोडून पुन्हा मांडली. उत्तर तेच आलं.

सहाशे तीसचा चेक ट्रकच्या हप्त्याचा होता. हप्त्याला अजून आठवडा होता. डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून तिनेच तो त्या शनिवारी बाजारातून येताना देऊन टाकला होता. वॉर्डेलला सांगितलंही नव्हतं.

"तुला हे माहीत होतं?" तिने वॉर्डेलला विचारलं.

"नाही."

"मग अकरा वर्षांत एकदा तरी तोंड उघडायचंस."

"तुझ्या हातात कागद होता." वॉर्डेलने टोपीची कड बोटांनी सरळ केली. "मला वाटलं, असेल. मीच केलं असेल."

अर्लीनला कुणालातरी फाडून बोलावंसं वाटलं. तो टायवाला समोर असता तर बरं झालं असतं. समोर तमेका होती आणि शेजारी वॉर्डेल, आणि तिला लाज वाटत होती, इतकी की मान वर होईना.

तिने फॉर्म सुलटा केला. आपल्या नावाखालच्या रिकाम्या ओळीवर त्याचं नाव लिहिलं आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. सही करण्याआधी त्याने सवयीने तिच्याकडे पाहिलं.

"कर की," ती म्हणाली.

तमेकाने फॉर्म घेतला. "म्हणजे कार्डं दोन. कार्ड वापरलं की फोनवर मेसेज येतो. मिस्टर वॉर्डेलच्या कार्डाचा मेसेज कुणाला पाठवू? हवं तर तुम्हालाही जाईल."

अर्लीनने पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"त्याचा त्याला."

"मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही," वॉर्डेल म्हणाला.

"मग चष्मा घाल. मी वाचणार नाहीये."