गाळातलं भोक

सकाळी सव्वासहाला गाळाची गाडी कचरा डेपोच्या फाटकावरून सांडपाणी केंद्रात भरलीच परत आली.

गाडी चालवणारा दादा उतरला तो थेट प्रेसच्या शेडमध्ये घुसला. प्रेस त्याची धाकटी बहीण चालवायची. सांडपाण्याचा गाळ दोन फिरत्या पट्ट्यांमध्ये पिळून कोरडा करायचा, हे तिचं काम.

"बयो, हा गाळ आहे की आंघोळीचं पाणी? फाटकावरच्या म्हाताऱ्याने गज खुपसला, काढला, आणि भोक लगेच मिटलं. म्हणाला, ओला आहे, न्या माघारी."

"मग गाडीखाली बादली लाव."

"दात काढू नकोस. आज आणखी एक गाडी माघारी फिरली तर प्रेस बंद, काम ठेकेदाराला, असं साहेब म्हणालेत. आपण दोघंही घरी."

ती टाकीकडे वळली. गाळाचे कण एकमेकांना बिलगावेत म्हणून पॉलिमरची पूड या टाकीत पाण्यात कालवून मग गाळात सोडतात. कण बिलगेनात, तशी तिने पूड वाढवत नेली, टाकीतली ढवळणी जोरात फिरवत नेली. इथे सगळ्यांचीच ती रीत. ढवळणीचा आवाज उतरला की कामचुकार म्हणायचे.

आज टाकीपाशी आवाजच नव्हता. पहाटे वीज गेली होती. आल्यावर ढवळणीची मोटार लावायची राहूनच गेली.

टाकीतलं पाणी मात्र संथ, दाट पडलं होतं. काठी उचलली तर लांब तार सुटली. अशी तार तिने कधीच पाहिली नव्हती. तिने काचेच्या बरणीत गाळ घेतला, त्यात टाकीतलं थोडं पाणी ओतलं आणि झोपेत कूस बदलावी तशी बरणी हळूच कलंडवली.

आत ढग जमू लागले. ढगाला ढग चिकटला, जड झाला, खाली उतरला. वर नितळ पाणी उरलं, त्यात शेडची खिडकी, खिडकीत आभाळ. आपणही त्या बरणीतच कुठेतरी तरंगतोय, असं तिला वाटत राहिलं.

"झोपलीस का गं?"

"दादा, आपण घोटून घोटून याच्या तारा तोडत होतो."

"म्हणजे साहेबांना सांगू, मोटार बंद पडली म्हणून गाळ सुकला?"

"बंद नाही रे. पूड विरघळेपर्यंत हळू फिरवायचं. मग स्वस्थ पडू द्यायचं."

त्या दिवशी पट्टे स्वप्नात चालल्यासारखे चालले. गाळ पापुद्र्यांनी गाडीत पडत होता. तिने मूठ आवळून पाहिली, पाणी आलं नाही. पण मुठीवरून गाडीचं काय सांगणार?

दुपारी फोन वाजला.

"फाटकाशी आहे. म्हाताऱ्याने गज खुपसला."

"आणि?"

"काढला."

"दादा, जीव नको खाऊस!"

"अगं, तो चष्मा शोधतोय."

"तू बघ ना! भोक?"

पलीकडे कुणीतरी खोकलं.

"अजून तरी उघडं आहे."